हो म्हणणाऱ्या गावातला बॅकअप

७ ऑक्टोबर

रुक्मीचं सगळं गेलं! सगळं!

सकाळी दारात उभी. हातात गरम सेराबी घावनांचा पुडा, चेहऱ्यावर हसू. मला वाटलं नातू झाला. "लामरियाताई, एक गंमत झाली," म्हणाली. गल्लीच्या टोकाला तिचा दातांचा दवाखाना. तर गंमत ही, की तिच्या कॉम्प्युटरला कुणीतरी बाहेरून कुलूप घातलं. पेशंटची नावं, एक्स-रे, कुणाच्या कुठल्या दाढेचं काय चाललंय – काही उघडत नाही. पडद्यावर इंग्रजीत पैशांची मागणी. तिच्याकडं बॅकअपची डिस्क होती, पण ती कायम कॉम्प्युटरलाच जोडलेली. तिलाही कुलूप!

आणि हे सगळं हसत हसत. जावातल्या या सोलो गावात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण वाईट बातमी हसून सांगायची ही इथली रीत मला अजून पचत नाही. आमच्या सुमात्रातल्या बातक लोकांत असं झालं असतं तर बाईनं अंगणात बसून गळा काढला असता. चार शेजारणींनी येऊन तिच्याबरोबर काढला असता. मोकळं तरी वाटतं!

"आता काय करणार?" मी विचारलं. "बघू," म्हणाली, आणि वर मलाच सेराबी खायचा आग्रह.

ती गेल्यावर वेनिंगला हाक मारली. आमच्या दवाखान्याचं टेबल तीच सांभाळते. "आपला बॅकअप रोज होतो ना गं?" "हो बाई." "नक्की?" "हो बाई." जीव भांड्यात पडला.

८ ऑक्टोबर

कसला भांड्यात!

आज सहज म्हटलं, बघू तरी. वेनिंगकडून पेनड्राइव्ह घेतला, लावला. शेवटची नोंद मार्चमधली! मार्च!! त्यानंतर तो पेनड्राइव्ह भरला. रोज संध्याकाळी वेनिंग तो इमानेइतबारे लावायची, पडद्यावर 'जागा नाही' असं यायचं, ती 'ठीक' दाबायची आणि पेनड्राइव्ह धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवून द्यायची.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"बाईंनी इतक्या हौसेनं आणला होता. लहान आहे असं तोंडावर कसं म्हणायचं?"

मी ओरडले. माझा आवाज मुळात माहेरच्या तळ्याच्या या काठावरून त्या काठाला जाणारा, त्यात बाहेर पेशंट बसलेले. सगळे आपापल्या चपलांकडं बघायला लागले. डॉक्टर, म्हणजे आमचे हे, आतून आले, कानांत नळ्या तशाच. म्हणाले, "काही पडलं का?"

जेवताना हळूच म्हणतात, "तिनं तुला सांगितलं होतं, लामरिया. मी ऐकलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"'बाई, तो पेनड्राइव्ह छोटासा आहे पण गोंडस आहे,' असं म्हणाली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे भरला."

मी ताटावरून उठलेच. मग परत बसले, कारण सोयाबीनचं टेम्पे छान झालं होतं.

९ ऑक्टोबर

वेनिंगनं येताना माझ्यासाठी मोगऱ्याची फुलं आणली. ओरडले मी, आणि मनवतेय ती! मीही तिच्या डब्यात तिरफळं घातलेला मासा भरून दिला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी "छान आहे बाई" म्हणत होती. छान नव्हता वाटत तिला, हे मला दिसत होतं. पण खाल्ला.

१२ ऑक्टोबर

बालिगेहून, तळ्याकाठच्या माहेराहून, तोगारचा फोन. माझा धाकटा भाऊ. वडिलांच्या घरावर नवे पत्रे घातले म्हणाला. तळ्याकडची खोली माझी म्हणून कधीची राखून ठेवलीय त्यानं. पण आता त्याच्या पोराचं लग्न ठरतंय. "ताई, येतेस की नाही ते एकदाचं सांग. येणार नसशील तर खोली पोराला देतो. नाताळच्या आत कळव." असं बोलतो माझा भाऊ. सरळ! ऐकूनच माहेरी जाऊन आल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांना सांगितलं. "हो, जाऊ ना," म्हणाले. आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले.

झालं.

या माणसानं आजवर कुणालाही 'नाही' म्हटलेलं नाही. मला नाही, पेशंटला नाही, सासूबाईंना तर नाहीच, दारावर येणाऱ्या झाडूवाल्यालासुद्धा नाही. आमच्या घरात केरापेक्षा झाडू जास्त आहेत. त्यांचं 'नाही' ओळखायचं असेल तर 'हो' झाल्यावर बघायचं. चष्मा नाकावर राहिला, तर हो. काढून पुसायला घेतला, तर नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षात ही खूण मला कळली आणि संसार सुरळीत झाला.

तळ्याचा विषय निघाला की चष्मा पुसला जातोच. कारण विचारलं तर एकच – "माझ्या पेशंटचं माझ्याशिवाय कुणाला कळणार? सगळं माझ्या डोक्यात आहे." खोटं! डोक्यात होतं तेव्हा होतं. दोन वर्षं खपून वेनिंगनं जुनी कार्डं सगळी कॉम्प्युटरवर चढवलीत. डॉक्टरांच्या बारीकसारीक शेऱ्यांसकट. शनिवारी येणारी ती डॉक्टर मुलगी, केनेस, तिला हा दवाखाना चालवायला हवाय. हुशार आहे, पेशंटना आवडते. तिनं माझ्याजवळ बोलूनही दाखवलंय.

तर मनातलं इथं लिहून टाकते. मला बॅकअप हवाय तो रुक्मीसारखं होऊ नये म्हणून, हे खरंच. पण त्याहून जास्त याच्यासाठी, की डॉक्टरांच्या डोक्यातलं सगळं दुसरीकडं नीट ठेवलंय, कुणालाही उघडता येतंय, हे एकदा त्यांना दिसलं की त्यांची सबब संपली! मग बघते किती चष्मा पुसतात.

मला तळ्याकाठी म्हातारी व्हायचंय. दुसरं काही नको.

१६ ऑक्टोबर

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दार्सोनोभाऊंनी गोड चहा दिला, त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवले, मग मुद्दा. तीन तऱ्हा आहेत म्हणाले. एक, साधी बाहेरची डिस्क – नक्कल करायची, काढायची, कपाटात ठेवायची. दुसरी, दोन डिस्कांची पेटी – भिंतीशी लावून ठेवायची, आपोआप दोन्हींवर नक्कल होत राहते, एक बिघडली तर दुसरी आहे. तिसरं, क्लाउड – म्हणजे आपली नक्कल दूर कुणाच्या तरी मोठ्या यंत्रांवर, वर्षाची वर्गणी भरून.

"कुठली चांगली?"

"तिन्ही चांगल्या, बाई."

"तुम्ही कुठली घ्याल?"

"बाई म्हणतील ती."

डोकं आपटायला भिंत शोधत होते, पण सगळीकडं फोटो लावलेले. शेवटी पेटी घ्यायचं ठरवलं. घरातल्या घरात, आपोआप, कुणाला 'ठीक' दाबायला नको. "सोमवारी बसवाल?" "हो बाई."

२१ ऑक्टोबर

सोमवार. कुणी आलं नाही.

२४ ऑक्टोबर

आज आले. सोमवारबद्दल कुणी बोललं नाही, मीही नाही. मी सुधारतेय म्हणायची!

पेटी देखणी आहे. हिरवे दिवे लुकलुकतात. वेनिंगनं तिच्याखाली विणलेला रुमाल घातला. डॉक्टर येऊन बघून गेले, "छान" म्हणाले, चष्मा नाकावर. मी दार्सोनोभाऊंना बसवून उलटतपासणी घेतली. वीज गेली तर? "हो बाई, चालेल." विजेचा लोळ आला तर? "हो बाई." म्हटलं, हो काय हो? चालेल का जळेल? "हो," म्हणाले, आणि चहा मागितला.

हा कुठला 'हो', ते काही कळलं नाही.

२ नोव्हेंबर

जळली.

काल दुपारी जो गडगडाट झाला! बाहेरच्या बाकावर सात-आठ पेशंट, एकदम आवाज झाला तशी एका आजीबाईंनी शेजारच्या अनोळखी पोलिसाचा हात धरला. आमचा इंटरनेटचा डबा गेला, आतला टीव्ही गेला आणि ती देखणी पेटी – दोन्ही डिस्कांसकट. जळकट वास. खालचा रुमालसुद्धा एका कोपऱ्याला तांबूस झाला. कॉम्प्युटर तेवढा वाचला, कारण डॉक्टरांनी नेमका फॅनसाठी त्याचा प्लग काढला होता!

दोन नकला, पण एकाच पेटीत, एकाच भिंतीला, एकाच तारेवर. म्हणजे एकच की! हे मला आधी सुचू नये?

केनेस नंतर आली, ऐकून म्हणाली, "काकू, आमच्या हॉस्पिटलात साधं धोरण आहे. मूळ धरून तीन ठिकाणी असावं, दोन वेगळ्या तऱ्हांनी, आणि एक तरी घराबाहेर." आणि ही मुलगी लगेच पुढं म्हणते, "तुमची पेटी चुकलीच होती." तोंडावर! तिची आजी सुमात्राची आहे की काय, विचारायला हवं.

दार्सोनोभाऊ येऊन गेले. पेटीचे पैसे परत घ्या म्हणून मागंच लागले. मी म्हटलं, लोळ काय तुम्ही पाठवलात? अर्धे घेतले. दोघांचं समाधान झालं.

५ नोव्हेंबर

आता साधी डिस्क आणि क्लाउड, दोन्ही. डिस्क आठवड्यातून एकदा भरायची, काढायची, घराबाहेर ठेवायची. दोन डिस्का आळीपाळीनं. पण बाहेर म्हणजे कुणाकडं?

शेजारी विचारलं असतं तर "हो हो, आनंदानं" म्हणाले असते आणि मग ती डिस्क फ्रीजवर, देव्हाऱ्यात, नातवाच्या खेळण्यात – कुठं गेली ते देवाला ठाऊक. म्हणून गेले नुरमालावहिनीकडं. आम्ही चर्चच्या गायनात शेजारी शेजारी उभ्या राहतो, दोघींचा आवाज एकमेकींना झाकतो. एकमेकींना वहिनीच म्हणतो, आमच्याकडं बायकांत तसंच चालतं.

"नाही ठेवणार!" एका दमात. "हरवली तर माझ्या नावानं शंख करशील! आणि लोकांची दुखणी माझ्या घरात कशाला?"

अंगावर वारा आल्यासारखं झालं. काय गोड 'नाही' होतं ते! मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, वहिनी, त्यावर पासवर्डचं कुलूप आहे, तू काय, तुझी सून काय, कुणालाच काही दिसणार नाही. तासभर भांडलो. तिनं कॉफी केली. शेवटी अट घातली – लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, मंगळवारीच यायचं, डिस्क बदलताना ती हजर पाहिजे, आणि येताना मासा आणायचा. तिरफळं जास्त.

नाही म्हणाली, म्हणूनच भरवसा बसला. आता डिस्कची मला काळजी नाही.

११ नोव्हेंबर

क्लाउडचं डॉक्टरांना समजावलं. एक महिना फुकट वापरून बघता येतं, आवडलं तर वर्गणी. त्यांचा प्रश्न रास्त होता – लोक मला विश्वासानं सांगतात, ते दूर कुठल्या यंत्रावर गेलं आणि कुणी वाचलं तर? म्हटलं, इथून निघण्याआधीच कुलूपबंद होऊन जाईल. किल्ली म्हणजे पासवर्ड, तो फक्त तुम्हाला आणि मला. तिकडं त्यांच्याकडं नुसता बंद गठ्ठा.

"पण पासवर्ड विसरलो तर?"

"तर आपल्यालाही उघडणार नाही. म्हणून विसरायचा नाही असा ठेवू."

विचार करत बसले. मग म्हणाले, "त्या बोटीचं नाव ठेव." कुठल्या बोटीचं? तर मला मागणी घालायला ते पहिल्यांदा बालिगेला आले, तेव्हा तळ्यावर ज्या बोटीतून आले ती! मध्यावर लाटा उठल्या आणि होणाऱ्या जावयानं माझ्या काकांच्या नव्या बुटांवर दुपारचं जेवण ओतलं. बोटीचं नाव मला आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं! रंगसुद्धा.

आत जाऊन उगाच भांडी घासली. रडू येत होतं पण चांगलं.

१८ नोव्हेंबर

तोगारचा परत फोन. "ताई, सुतार विचारतोय. लग्नाआधी खोलीत पलंग करायचा की नाही?" म्हटलं नाताळच्या आत सांगते म्हटलंय ना! तो म्हणाला, "तू तीस वर्षं सांगतेयस." आणि फोन ठेवला. बरोबर आहे त्याचं. पोरगं किती दिवस थांबेल? आणि खोली एकदा नवरा-नवरीला गेली की गेली. तिथं पाळणा येईल. मी काय पाळण्याला उठ म्हणणार?

डॉक्टरांना म्हटलं, "जायचं का हो खरंच?" "हो, हो." चष्मा पुसला.

२८ नोव्हेंबर

आता घरात नवा कायदा. 'झालं का?' असं कुणी कुणाला विचारायचं नाही. 'दाखव' म्हणायचं. वेनिंगला हे इतकं आवडलंय! तिला 'नाही' म्हणायची वेळच येत नाही, नुसतं उघडून दाखवायचं. आज तिनंच मला बोलावलं. "बाई, दाखवू?" क्लाउडवर तीन दिवस नक्कल गेली नव्हती. पाण्यानं तार खराब झाली होती. दाखवताना चेहरा पडला नाही की हसली नाही. मी तिला मिठी मारली. बिचारी लाकडासारखी ताठ उभी राहिली, पण पळाली नाही.

आता मोठी परीक्षा. बॅकअप खरा का खोटा, ते तो परत उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे नक्कल कोऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायची आणि आपला कॉम्प्युटर बंद ठेवून एक दिवस दवाखाना त्याच्यावर चालवायचा. शिवाय डॉक्टरांशिवाय! केनेसनं. डॉक्टरांनी आत यायचं नाही, सुचवायचं नाही, बाहेर बसायचं. ही माझी अट.

"हो," म्हणाले. चष्म्याला हात गेला, पण काढला नाही. अर्धा हो?

७ डिसेंबर, शनिवार

सगळं लिहून ठेवते.

केनेसनं स्वतःचा लॅपटॉप आणला. दार्सोनोभाऊ सांगितल्या वेळेला आले – हा एक चमत्कारच. नक्कल क्लाउडवरून उतरायला वेळ लागला, तोवर सगळ्यांनी सेराबी खाल्ली. मग पासवर्ड मागितला. डॉक्टर पुढं झाले, एका बोटानं बोटीचं नाव टाइप केलं आणि शहाण्यासारखे बाहेर जाऊन बाकावर बसले. पेशंटच्या रांगेत! लोक उठून जागा द्यायला लागले, हे म्हणतात, "बसा बसा, आज मीही पेशंटच."

तिसऱ्या नंबरला कार्सो आजोबा. डॉक्टरांचे सगळ्यांत जुने पेशंट, साखरेचे. इस्त्रीचा बाटिक शर्ट, पॉलिश केलेले बूट. केनेसनं त्यांना आधी कधी तपासलेलं नाही. दार अर्धं उघडं होतं, बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"कसं वाटतंय, आजोबा?"

"बरं आहे, बाळ. अगदी बरं."

"पाय दुखतात का?"

"नाही नाही. छान आहेत पाय."

तिनं पडद्यावर त्यांचं कार्ड उघडून वाचलं. मग म्हणाली, "आजोबा, जरा बूट-मोजे काढता?"

"कशाला बाळ, धुतलेले आहेत मोजे."

"काढा ना. दाखवा."

मला बाहेर डॉक्टरांच्या शेजारून तिच्या पडद्यावर काय आहे ते दिसत नव्हतं. नंतर तिनं दाखवलं. फार जुन्या कार्डावरचा शेरा, वेनिंगनं जसाच्या तसा चढवलेला – 'हा बरं आहे म्हणाला, तर मोजे काढायला लाव.'

डाव्या करंगळीला जखम होती. काळपट, ओली, आठवड्याभराची तरी. तसेच घरी गेले असते तर पाऊल गेलं असतं, केनेस म्हणाली. तिनं जखम धुतली, औषध सुरू केलं, लगेच हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली, मुलाला फोन लावून बोलावून घेतलं. आजोबा शेवटपर्यंत म्हणत होते, "तुम्हाला उगाच त्रास."

जाताना बाकापाशी थांबले. डॉक्टरांच्या कानात म्हणाले, पण आजोबांना कमी ऐकू येत असल्यामुळं सगळ्यांनी ऐकलं – "पोरीला तुम्ही शिकवलंत का? तुमच्यासारखीच हट्टी आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. किती वेळ पुसत होते! पुढचे दोन पेशंट आत जाऊन आले तरी पुसतच.

बॅकअप पास झाला. वेनिंगनं टाळ्या वाजवल्या, आवाज न करता. मीही वाजवल्या, आवाज करून. पण मला ती पुसापुशी दिसली ना. मी सबब काढून घेतली, आणि तरीही उत्तर तेच. म्हणजे सबब नव्हतीच ती. माणसाला इथंच राहायचंय. आपल्या बाकावर, आपल्या माणसांत. ते सांगत होते मला, इतकी वर्षं. मीच ऐकत नव्हते.

८ डिसेंबर

डॉक्टर फुलझाडांना पाणी घालत बराच वेळ मागं होते. मी विचारलं नाही. दुपारी केनेसचा फोन आला त्यांना, बाहेर जाऊन बोलले. कार्सो आजोबांची करंगळी काढावी लागेल, पाऊल वाचलं. जीव भांड्यात पडला.

१० डिसेंबर

मंगळवार. नुरमालावहिनीकडं मासा आणि डिस्क. कपाटाचा खण तिनं पुसून ठेवला होता, डिस्कखाली कापडसुद्धा. मी तिच्यापाशी बोलले सगळं. तिला वाटलं मी रडेन, तिनं तयारी केली होती. पण आलं नाही रडू.

"मग तू एकटी जा चार महिने," म्हणाली.

"त्यांना सोडून? आंघोळीचं पाणी कुठं तापवतात ते माहीत नाही त्यांना."

"मग तक्रार काय आहे तुझी?"

खरंच, काय आहे? गल्लीतली माणसं मला शिव्यासुद्धा आदरानं देतात. वेनिंग मोगरा आणते. रुक्मीनं दवाखाना परत उभा केला, आमच्याकडून शिकून आता तीही 'दाखव' म्हणते. इथंही म्हातारी होता येईल. तळं नाही एवढंच.

१२ डिसेंबर

ठरवलं. रविवारी तोगारला फोन करते. पोराला खोली दे, पलंग रुंद कर, माझ्याकडून गादी. एकदा सांगून टाकलं की बरं वाटेल. आजच जरा बरं वाटतंय.

उद्या क्लाउडचा फुकटचा महिना संपतो. आता थांबायचंच आहे इथं, तर लांबचंच घेते.

१३ डिसेंबर

वर्गणी भरायला बसले होते. शेजारी दार्सोनोभाऊ. एका वर्षाचं की तीन वर्षांचं? तीनचं स्वस्त पडतं. "हो बाई, तीन चांगलं. एकही चांगलं." डॉक्टर मागं येऊन उभे राहिले. म्हटलं, "तीन वर्षांचं घेते हं."

"नको."

मी वळून बघितलं. दार्सोनोभाऊंनीही. वेनिंगच्या हातातला चहा बशीत सांडला.

"एकाच वर्षाचं घे. पुढचं केनेस स्वतःच्या नावावर घेईल, माझं बोलणं झालंय तिच्याशी. आणि तोगारला सांग, खोली कुणाला द्यायची नाही."

चष्मा नाकावरच होता. पुसायला मीच घेतला – माझा, भिजलेला.